भुऱ्याच्या श्वासांची वही



'मोजमाप आणि त्यातील चुका' हा धडा तुम्ही शाळेत शिकता तेव्हा समोर एखादा लोलक असतो, नाही तर वर्निअर कॅलिपर असते. वाचन एक-दोन भागांनी चुकले तर फार तर अर्धा गुण जातो, त्यापलीकडे कोणाचे काही बिघडत नाही. आज हाच धडा मी तुम्हाला आमच्या घरच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या आधाराने सांगणार आहे. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने या धड्यात एक वाचन खोडले, आणि त्याची किंमत त्याला नव्हे, त्या कुत्र्याला मोजावी लागली. तो माणूस मीच. म्हणून ही हकीकत लाज न बाळगता सांगतो आहे.

कुत्र्याचे नाव भुऱ्या. जात गावठी, वजन १४ किलोग्रॅम. एका पावसाळ्यात नाशिक रोड स्टेशनच्या मालधक्क्याजवळ हा ओलाचिंब पिल्लू आमच्या मागे लागला, आणि माझ्या आईने त्याला दुधात कुस्करलेली पोळी घातली. तेथून पुढे तेरा वर्षे तो आमच्या घरचा झाला. देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला की तो पलंगाखाली शिरत असे. बाराव्या वर्षी मात्र तोफा वाजल्या तरी तो अंगणात शांत पडून राहू लागला. आम्हाला वाटले, भीती गेली. खरे तर त्याचे कान गेले होते.

कुत्र्याचे तेरा म्हणजे माणसाचे किती?

'कुत्र्याच्या वयाला सातने गुणले की माणसाचे वय मिळते' असे तुम्ही ऐकले असेल. हा नियम सोपा आहे, पण बरोबर नाही. एक वर्षाची कुत्री आई होऊ शकते; सात वर्षांची मुलगी दुसरीत असते! कुत्र्याचे वय सुरुवातीला झपाट्याने वाढते आणि पुढे त्याची गती मंदावते. म्हणजे वयाचा आलेख ही सरळ रेषा नसून वक्ररेषा आहे. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी लॅब्रॅडोर जातीच्या कुत्र्यांच्या पेशींमध्ये वयानुसार होणारे रासायनिक बदल तपासून २०२० साली एक सूत्र प्रसिद्ध केले. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगरिथम घ्यायचा, त्याला १६ ने गुणायचे आणि ३१ मिळवायचे. या सूत्राने कुत्र्याचे १ वर्ष म्हणजे माणसाची ३१ वर्षे, ५ म्हणजे सुमारे ५७, आणि १३ म्हणजे सुमारे ७२ वर्षे होतात. हे सूत्र एकाच जातीवरून काढलेले असल्यामुळे सर्व कुत्र्यांना जसेच्या तसे लावता येत नाही. पण वक्ररेषेचा आकार त्यातून कळतो.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट पाहा. प्राणी जेवढा मोठा तेवढे त्याचे आयुष्य जास्त, असे साधारणपणे दिसते. उंदीर दोन-तीन वर्षे जगतो, हत्ती साठ-सत्तर. पण एकट्या कुत्र्यांच्या जातींत हा क्रम उलटा आहे. लहान चणीची कुत्री चौदा-पंधरा वर्षे जगतात, तर ग्रेट डेनसारखी धिप्पाड कुत्री सात-आठ वर्षांतच म्हातारी होतात. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांच्या वेळी स्फोटके हुंगून काढणारा मुंबई पोलिसांचा 'जंजीर' हा लॅब्रॅडोर कुत्रा तुम्ही वाचनात पाहिला असेल. तो १९९२ साली जन्मला आणि नोव्हेंबर २००० मध्ये गेला. जेमतेम नऊ वर्षांचे आयुष्य. पण पोलिसांनी त्याला सन्मानपूर्वक मानवंदना देऊन निरोप दिला.

तात्पर्य हे की, जो मुलगा तिसरीत असताना पिल्लू घरी आणतो, तो बहुधा कॉलेजात जाण्याच्या सुमारास त्याला निरोप देतो. हे गणित पिल्लू आणतानाच ठाऊक असलेले बरे.

गळकी झडप

गेल्या दिवाळीत भुऱ्या रात्री खोकू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि आम्हालाही ऐकवली. निरोगी हृदयाचे दोन ठोके 'लब्-डब्' असे स्वच्छ ऐकू येतात. भुऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये नळातून पाणी सुटावे तसा फुसफुस आवाज येत होता.

हृदयाच्या डाव्या बाजूला वर अलिंद आणि खाली निलय असे दोन कप्पे असतात, आणि त्यांच्यामध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप असते. विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हचे काम असते ना, तेच हिचे काम. म्हातारपणी पुष्कळ कुत्र्यांची ही झडप जाड आणि वाकडी होते व नीट मिटत नाही. मग निलय आकुंचन पावला की सारे रक्त पुढे शरीरात न जाता थोडे मागे अलिंदात शिरते. अलिंदातला दाब वाढतो. अलिंदाच्या मागे फुप्फुसातून येणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. दाब तेथपर्यंत पोहोचतो आणि केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी झिरपून फुप्फुसात साचू लागते.

थोड्याशा पाण्याने एवढा गहजब का व्हावा? याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

अंतराच्या वर्गाचा नियम

स्वयंपाकघरात फोडणी दिली की वास दिवाणखान्यात येतो. वारा नसला तरी रेणू इकडेतिकडे धडका खात पसरत जातात. याला विसरण म्हणतात. फुप्फुसातील वायुकोशातून रक्तात ऑक्सिजन जातो तो विसरणानेच. रेणू सरळ रस्त्याने चालत नाही, जत्रेत हरवलेल्या मुलासारखा पुढेमागे भटकतो. म्हणून अंतर दुप्पट झाले तर वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. अंतर दहापट तर वेळ शंभरपट.

सूत्र असे:

वेळ = अंतराचा वर्ग ÷ (२ × विसरण गुणांक)

पाण्यात ऑक्सिजनचा विसरण गुणांक ढोबळमानाने दर सेकंदाला २००० चौरस मायक्रोमीटर एवढा असतो. (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर.) म्हणजे अंतराच्या वर्गाला ४००० ने भागायचे.

१ मायक्रोमीटर अंतर: १/४००० सेकंद
१० मायक्रोमीटर: १/४० सेकंद
१०० मायक्रोमीटर: २.५ सेकंद
१००० मायक्रोमीटर, म्हणजे १ मिलिमीटर: २५० सेकंद, चार मिनिटांहून अधिक

निरोगी फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. आता रक्ताकडे वेळ किती असतो ते पाहा. विश्रांतीच्या वेळी माणसाच्या फुप्फुसातील केशवाहिनीतून रक्ताची पेशी सुमारे पाऊण सेकंदात निघून जाते. कुत्र्यातही गोष्ट सेकंदाच्या आतलीच. पडदा पातळ असतो तोवर हा वेळ भरपूर आहे. पण मध्ये पाण्याचा ०.१ मिलिमीटरचा थर आला, तर ऑक्सिजनला अडीच सेकंद हवेत आणि गाडी पाऊण सेकंदातच फलाटावरून सुटते! प्रवासी फलाटावरच राहतात.

मग शरीर काय करते? गाड्या भराभर सोडते. श्वासांची संख्या वाढते. म्हणूनच डॉक्टरांनी आम्हाला औषधांबरोबर एक काम सांगितले: "कुत्रा गाढ झोपला की मिनिटाला किती श्वास घेतो ते रोज मोजा आणि लिहून ठेवा. निरोगी कुत्र्याचा आकडा झोपेत बहुधा तीसच्या आत असतो. तीसच्या वर चढू लागला की मला कळवा."

आमची मुलगी तेव्हा नववीत होती. तिने शंभर पानी वही काढली, वर 'भुऱ्याचे श्वास' असे लिहिले आणि तारीख, वेळ, आकडा, शेरा असे चार रकाने आखले.

श्वास कसे मोजावेत?

काम सोपे दिसते, पण त्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली: छाती एकदा वर आणि एकदा खाली झाली म्हणजे एक श्वास. वर एक आणि खाली एक असे दोन मोजले तर उत्तर दुप्पट येते. आमच्या आईने पहिल्या दिवशी ४४ श्वास सांगून सर्वांना घाबरवले होते!

दुसरी: पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा मोह टाळावा. पंधरा सेकंदांत एका श्वासाची चूक झाली तर गुणाकारानंतर ती चारची होते. पूर्ण मिनिट मोजले तर एकाची चूक एकच राहते. पंचेचाळीस सेकंदांचा आळस आणि चौपट चूक, हा सौदा वाईट.

तिसरी: परिस्थिती दर वेळी तीच असावी. कुत्रा झोपलेला असावा, नुकताच धावलेला नसावा, खोली थंड असावी. आम्ही रात्री दहाची वेळ ठरवली होती. भुसावळकडे जाणारी गाडी शिटी देऊन गेली आणि त्याचा कान हलला नाही, म्हणजे झोप लागली असे आम्ही पूर्वी समजत असू. आता कान गेल्यामुळे ती खूण उपयोगाची नव्हती. पापण्या आणि पंजे पाहावे लागत.

जानेवारीत आठवड्याची सरासरी २२ होती. मार्चमध्ये २४. एप्रिलच्या अखेरीस ती ३३ वर गेली.

उन्हाळ्याचे गणित

एप्रिलमधील वाढ सगळी हृदयामुळे होती का? नाशिकला त्या दिवसांत पारा चाळिशीला पोहोचतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना काय तो थोडासा येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, आणि तोंड, नाक व जीभ यांच्यावरच्या पाण्याची वाफ करून अंग थंड ठेवायचे, हाच त्याचा मुख्य उपाय.

याचा हिशेब करता येतो. प्राण्याचे शरीर विश्रांतीतही उष्णता निर्माण करत असते. १४ किलोग्रॅमच्या कुत्र्यात ती सुमारे २५ वॅट असते. म्हणजे अंगणातल्या २५ वॅटच्या दिव्याएवढी! एरवी ही उष्णता कातडीतून हवेत निघून जाते. पण हवा अंगाइतकीच गरम झाली की ती वाट बंद होते, आणि सारा भार बाष्पीभवनावर येतो. एक ग्रॅम पाण्याची शरीराच्या तापमानाला वाफ होण्यासाठी सुमारे २४०० ज्यूल लागतात. २५ वॅट म्हणजे सेकंदाला २५ ज्यूल. तेव्हा ९६ सेकंदांना एक ग्रॅम, म्हणजे तासाला सुमारे ३८ ग्रॅम पाणी त्याला नुसत्या पडल्या पडल्या वाफ करून टाकावे लागते. धाप टाकण्याच्या श्रमाची उष्णता वेगळीच.

आता पाहा, एकाच श्वासावर दोन कामे आली. ऑक्सिजन आणणे आणि उष्णता बाहेर टाकणे. निरोगी कुत्रा दोन्ही निभावतो, आजारी कुत्रा पेचात सापडतो. आम्ही फरशीवर ओले पोते अंथरले, खिडकीला खसाचा पडदा लावला, पंखा त्याच्याकडे वळवला. तीन दिवसांत आकडा ३३ वरून ३० वर आला. उरलेली वाढ हृदयाची. डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी काढून टाकणारे औषध वाढवले, आणि मेच्या मध्यास सरासरी २७ झाली. भुऱ्या पुन्हा फाटकापर्यंत फिरायला येऊ लागला. त्या वहीने त्याला हे दिवस मिळवून दिले, असे मी आजही म्हणतो.

खोडलेला आकडा

जूनमध्ये पाऊस आला, हवा थंड झाली, आणि तरीही आकडे चढू लागले. ६ जूनला ३६. ७ जूनला ३८. ८ जूनला रात्री मी आणि मुलगी दोघांनी मोजले. आकडा आला ४६.

मी म्हणालो, "हे वाचन चुकले. तो स्वप्नात असेल." आणि मी ४६ वर रेघ मारली.

९ जूनला आकडा ४४ आला. मी म्हणालो, "थांब, पुन्हा मोजू." दुसऱ्यांदा ३९ आला, मी ३९ लिहिला. १० तारखेला पहिल्यांदा ४७, मग तीन वेळा मोजल्यावर ४१. मी ४१ लिहिला. वहीत आता ३६, ३८, ३९, ४१ अशी चार वाचने होती. सरासरी ३८.५. फोनवर डॉक्टरांना मी सांगितले, "अडतीस-एकोणचाळीस आहे, हळूहळू वाढतोय." ते म्हणाले, "मग शनिवारी दाखवा."

११ जूनची रात्र भुऱ्याने उभ्याने काढली. आडवा झाला की फुप्फुसातले पाणी पसरते आणि गुदमरते, म्हणून तो पाय फाकून, मान पुढे काढून उभा राहिला. झोपेने डोळे मिटत, पाय लटपटत, तो खाली बसे आणि पुन्हा उठे. पहाटे मुलीने वहीचे शेवटचे पान माझ्यापुढे धरले. तिने तेथे पेन्सिलीने रोजचे पहिले वाचन लिहून ठेवले होते: ३६, ३८, ४६, ४४, ४७. सरासरी ४२.२.

ती म्हणाली, "बाबा, कमी आकडा आला तेव्हा तुम्ही एकदाही पुन्हा मोजलं नाही."

वर्गात मी हा नियम वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. वाचन टाकून देण्याचे कारण त्या वाचनाच्या आकड्यात असता कामा नये. ते बाहेर असले पाहिजे, आणि आकडा दिसण्यापूर्वी किंवा त्याच क्षणी शेऱ्यात लिहिलेले असले पाहिजे. 'कुत्र्याचे पंजे हलत होते' असे आम्ही पाहिले असते, तर ४६ टाकून देणे योग्य ठरले असते. तसे काहीच पाहिले नव्हते. आकडा नकोसा होता, एवढेच कारण. आणि हवा तो आकडा येईपर्यंत मोजत राहणे ही तर त्याहून फसवी चूक, कारण ती मेहनतीसारखी दिसते.

हा दोष मोठ्या मोठ्यांनाही चुकलेला नाही. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या रॉबर्ट मिलिकनचा १९१३ चा प्रसिद्ध लेख तेलाच्या ५८ थेंबांवर आधारलेला आहे; त्याच्या वह्यांत मात्र त्याहून पुष्कळ अधिक थेंबांची वाचने आढळली, आणि त्यांपैकी कोणती टाकणे योग्य होते यावर अभ्यासक अजून वाद घालतात. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मधील एका भाषणात याची पुढची गोष्ट सांगितली. मिलिकनचे उत्तर थोडे कमी होते. नंतरच्या शास्त्रज्ञांनी ते एकदम सुधारले नाही. प्रत्येकाचे उत्तर आधीच्याहून जरासेच मोठे येत गेले. मोठा आकडा आला की ते चूक शोधत बसत, अपेक्षित आकडा आला की शोधत नसत. त्यांचे काही वर्षांचे नुकसान झाले. माझ्यामुळे भुऱ्याला चार दिवस गुदमरावे लागले.

आकडा काय सांगतो?

त्याच सकाळी मी डॉक्टरांना पेन्सिलीचे आकडे वाचून दाखवले. ते दुपारी घरी आले. औषधाची मात्रा आणखी वाढवण्यास आता मूत्रपिंडे साथ देणार नव्हती. त्यांनी मुलीच्या देखतच विचारले, "खातो का? आडवा होऊन झोपतो का? तुम्ही आलात की शेपूट हलवतो का?" पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर 'नाही' होते. तिसऱ्याला 'हो' होते, आणि तेच सर्वांत अवघड होते.

माझी आई म्हणाली, "मुक्या जिवाला सांगता येत नाही रे. ती वही त्याच्या वतीने बोलते आहे, तर ऐका."

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ४२ पर्यंत ठेवा आणि ४३ ला निरोप द्या, असा नियम कोठेही लिहिलेला नाही, आणि कोणी लिहू नये. आकडा निर्णय घेत नाही. आकडा एवढेच करतो की, आपल्या मनाला जे पाहायचे नाही ते समोर ठेवतो. निर्णय डॉक्टर आणि घरची माणसे मिळूनच घेतात. तुमच्या घरच्या प्राण्याचे औषधही वहीवरून तुम्ही ठरवू नका. वही डॉक्टरांना दाखवा.

पुढे काय होणार ते डॉक्टरांनी मुलीला साध्या शब्दांत सांगितले. भूल देण्याचेच औषध मोठ्या मात्रेत शिरेतून द्यायचे. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. शुद्ध गेल्यामुळे पुढचे त्याला कळत नाही. डोळे उघडे राहू शकतात. नंतर एखादा आचका आल्यासारखा दिसला तरी तो स्नायूंचा असतो, वेदनेचा नसतो. 'झोपवणे' हा शब्द त्यांनी वापरला नाही, आणि ते मला योग्य वाटले. झोपलेला सकाळी उठतो. लहान मुले वाट पाहत राहतात.

मुलीने जवळ बसायचे ठरवले. आईने त्याचे तोंड ओल्या फडक्याने पुसले. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुलीने वहीत वेळ लिहिली आणि आकड्याच्या रकान्यात शून्य लिहिले.

अंग गरम का राहिले?

डॉक्टर गेल्यावर तासाभराने तिने विचारले, "बाबा, याचं अंग अजून गरम आहे. डॉक्टरांनी नीट पाहिलं ना?"

हा प्रश्न कोणालाही पडेल. शिक्षक बंधुभगिनींनो, अशा वेळी 'उगाच काहीतरी विचारू नकोस' असे म्हणू नका. मी तिला हिशेब करून दाखवला.

कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस. खोली २८.५ अंश. फरक १० अंश. शरीराचा बराच भाग पाणी असल्यामुळे एक किलोग्रॅम शरीर एक अंशाने थंड होताना सुमारे ३५०० ज्यूल उष्णता देते. तेव्हा साठलेली उष्णता:

१४ × ३५०० × १० = ४,९०,००० ज्यूल

जिवंतपणी शरीर सेकंदाला २५ ज्यूल बाहेर टाकत होते. त्याच वेगाने हा साठा संपायला १९,६०० सेकंद, म्हणजे सुमारे साडेपाच तास लागतील. पण न्यूटनच्या शीतीभवनाच्या नियमाप्रमाणे फरक कमी होत गेला की उष्णता जाण्याचा वेगही कमी होतो. म्हणून फरक १० चा ५ अंश व्हायलाच जवळजवळ चार तास लागतात, ५ चा २.५ व्हायला आणखी चार. रक्ताभिसरण थांबल्यामुळे आतली उष्णता कातडीपर्यंत आणणारेही कोणी नसते, तेव्हा प्रत्यक्षात याहूनही वेळ लागतो. हिशेब ढोबळ आहे, पण अर्थ स्पष्ट आहे. दिवा विझला तरी काच काही वेळ गरम राहते.

"म्हणजे ही ऊब त्यानेच तयार केलेली आहे," ती म्हणाली.

"हो. कालच्या आणि आजच्या दिवसात."

तिने रात्री दहापर्यंत हात त्याच्या पाठीवर ठेवला होता. ऊब कमी होत गेली ती तिच्या हाताला कळत गेली, आणि मग तिने आपणहून हात काढला.

फार जुना निरोप

दुसऱ्या दिवशी सिन्नरजवळच्या मामांच्या मळ्यात, विहिरीपासून दूर, कमरेपेक्षा खोल खड्डा घेऊन आम्ही त्याला पुरले. खोलीला कारण आहे. भुलीचे ते औषध शरीरात राहते. उथळ पुरलेला देह दुसऱ्या प्राण्यांनी उकरून खाल्ला तर त्यांच्या जिवावर बेतू शकते.

कुत्र्यासाठी एवढे कशाला, असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी तीन ठिकाणे सांगतो. सातारजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. महाराज १७४९ साली वारले, म्हणजे ही माया अडीचशे वर्षांहून जुनी. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली ब्राँझची चार शिल्पे सापडली. त्यांतल्या बैलांच्या रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा उभा आहे. शिल्पांच्या काळाविषयी मतभेद असले, तरी पुष्कळ अभ्यासक ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. तिसरे ठिकाण जर्मनीत बॉन शहराजवळचे. तेथे १९१४ साली एका स्त्रीच्या आणि एका पुरुषाच्या सांगाड्याबरोबर कुत्र्याची हाडे सापडली. वय सुमारे चौदा हजार वर्षे. दातांवरच्या खुणांवरून २०१८ साली संशोधकांनी दाखवले की, हे पिल्लू डिस्टेंपर नावाच्या रोगाने आठवडेच्या आठवडे आजारी होते आणि कोणीतरी शुश्रूषा केल्याखेरीज ते तेवढे जगू शकले नसते. शेती नव्हती, गाव नव्हते. आजारी पिल्लाला कोणीतरी पाणी पाजत होते.

तेव्हा तुमच्या वर्गातला एखादा विद्यार्थी कुत्रा गेल्यामुळे दोन दिवस गप्प बसला, तर त्याला हसू नका.

वही आमच्या कपाटात आहे. ४६ वरची रेघ मी खोडलेली नाही. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले आहे: 'हे वाचन बरोबर होते.'

करून पाहा

१. घरातील किंवा शेजारचे कुत्रे, मांजर अथवा गाय विश्रांती घेत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. सात दिवस एकाच वेळी मोजून आलेख काढा. पहिलेच वाचन लिहा.

२. त्याच प्राण्याचे श्वास १५ सेकंद मोजून चारने गुणा. असे दहा वेळा करा. पूर्ण मिनिटाच्या दहा वाचनांशी तुलना करून कोणत्या रीतीत आकडे अधिक विखुरतात ते सांगा.

३. पाण्याचा थर ०.०५ मिलिमीटर असेल तर ऑक्सिजनला तो ओलांडण्यास किती वेळ लागेल? पाऊण सेकंदात काम होईल का?

४. एक लिटर आणि पाव लिटर गरम पाणी सारख्याच आकाराच्या लहान-मोठ्या भांड्यांत ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान घ्या. कोणते लवकर निवते? १४ किलोग्रॅमच्या कुत्र्याऐवजी ४ किलोग्रॅमचे मांजर असते तर काय झाले असते ते यावरून सांगा.

५. तुमच्या प्रयोगवहीत 'चुकले' म्हणून खोडलेले एखादे वाचन शोधा. खोडण्याचे कारण त्याच वेळी लिहिले होते का, ते प्रामाणिकपणे पाहा.